पूररेषेबाहेरचा बॅकअप : घरच्या आणि दुकानच्या कॉम्प्युटरसाठी क्लाउड निवडताना

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. त्याआधी 2005 ला आणि त्यानंतर 2021 ला पाणी असंच शहरात आलं होतं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ या भागात ज्यांचं दुकान, छापखाना, करसल्लागाराचं ऑफिस किंवा नुसतं घर आहे, त्यांनी बॅकअपचा विचार या आकड्यापासूनच सुरू करावा. कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पाणी दोन्ही एकदम नेतं. चोरी झाली किंवा आग लागली तरी तेच.

म्हणून एक प्रत गावाबाहेर हवी, आणि ती रोज आपोआप जायला हवी. क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर डेटा ठेवण्याचा, उपयोग तेवढाच आणि तोच मोठा आहे. खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो, पण त्यासाठी कंपनी निवडण्याआधी घरात बसून थोडं मोजमाप करावं लागतं.

आधी मोजा, मग प्लॅन बघा

दुकानदार 1 टीबीची डिस्क दाखवून 1 टीबीचा प्लॅन विचारतो. डिस्कवर भरलेल्या बहुतेक गोष्टी परत मिळणाऱ्या असतात: विंडोज, सॉफ्टवेअर, उतरवलेले सिनेमे, ड्रायव्हर. त्यांचे पैसे भरायचं कारण नाही. जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही, तेवढंच क्लाउडवर पाठवा. प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, आकार कागदावर लिहा आणि बेरीज करा. हिशोबाचा डेटा सहसा काही शे एमबी ते दोन-चार जीबी भरतो, कागदपत्रं आणि स्कॅन पाच-दहा जीबी. जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. साध्या घराची किंवा लहान ऑफिसची ही बेरीज बऱ्याचदा 40 ते 150 जीबीच्या मध्येच थांबते.

या यादीतून हमखास सुटणाऱ्या काही जागा आहेत.

हिशोबाच्या टॅलीप्राइम सॉफ्टवेअरचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. सी ड्राइव्हमध्ये यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम आणि त्यात डेटा नावाच्या फोल्डरमध्ये तो असतो. कोणी जागा बदलली असेल तर कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो बघून घ्या. फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपचा बॅकअप लावलेला माणूस वर्षभर निश्चिंत राहतो, आणि खातेवहीच त्यात नव्हती हे गरज पडल्यावर कळतं. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात. 2022-23 च्या विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2023 होती, म्हणजे त्या वर्षाची वही 31 डिसेंबर 2029 पर्यंत जपायची. तेव्हा जुन्या वर्षांचे कंपनी फोल्डरही यादीत घ्या.

आउटलुक वापरत असाल तर डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरातली पीएसटी फाइल बघा, तुमचे मेल तिच्यात साठतात. तिचा आकार पाच-दहा जीबी असणं नवलाचं नाही.

छापखाने आणि डीटीपीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फॉन्ट. लग्नपत्रिका, अहवाल, हस्तपत्रकं यांच्या जुन्या कोरलड्रॉ आणि पेजमेकर फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात. फाइल सुखरूप परत आली आणि फॉन्ट नसला, की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं, चौकटी आणि कंसांचा ढीग दिसतो. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरसोबत आलेले फॉन्ट कॉपी करून 'फॉन्ट-संग्रह' असा वेगळा फोल्डर करा आणि तो बॅकअपमध्ये घाला. स्वतःपुरते बसवलेले फॉन्ट विंडोज यूझरच्या लपलेल्या फोल्डरात, अ‍ॅपडेटाच्या आत ठेवतं, तिथेही बघा. सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नंबर आणि बिलांचे फोटोही याच फोल्डरात राहू द्या.

सिंक आणि बॅकअप यांची गल्लत

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही मुळात सिंकची साधनं आहेत. इथे जे घडतं तेच तिकडे घडतं. फोल्डर चुकून पुसला की तिकडचाही पुसला जातो. रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइली कुलूपबंद केल्या की कुलूपबंद फाइली इमानदारीने वर चढतात. कचरापेटी असते, पण गूगल ड्राइव्ह आणि घरगुती वनड्राइव्हमध्ये ती 30 दिवसांची. मार्चअखेरच्या गडबडीत पुसलेली फाइल जुलैत आठवली तर ती गेलेली असते.

विंडोज 11 मध्ये आणखी एक घोळ होतो. नवा लॅपटॉप सुरू करताना वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स स्वतःच्या फोल्डरात हलवतं. मोफत जागा 5 जीबी. ती भरली की सिंक थांबतं, कोपऱ्यात बारीकसं लाल चिन्ह येतं आणि ते कोणी बघत नाही. वैतागून वनड्राइव्ह बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि जीव घाबरा होतो. फाइली बहुधा यूझरच्या वनड्राइव्ह फोल्डरात असतात, तिथून परत हलवता येतात. ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या मात्र तुमच्या डिस्कवर नाहीत, फक्त वर आहेत. बॅकअपचं सॉफ्टवेअर अशा फाइली वगळू शकतं. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, हिरवी खूण येऊ द्या आणि मगच बॅकअप लावा.

खऱ्या बॅकअपमध्ये कालची, मागच्या आठवड्यातली आणि सहा महिन्यांपूर्वीची अशा वेगवेगळ्या तारखांच्या प्रती राहतात. सेवा घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवता?

अपलोडचा हिशोब

इंटरनेटच्या जाहिरातीत डाउनलोडचा वेग मोठ्या अक्षरांत असतो. बॅकअपला लागतो अपलोड. स्पीड टेस्ट करून तो आकडा घ्या, आणि वेग मेगाबिटमध्ये आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते (आठ बिटांचा एक बाइट) हे ध्यानात ठेवा. 100 जीबी डेटा 10 एमबीपीएस अपलोडने चढवायला साधारण 22 तास लागतात. 200 जीबी 5 एमबीपीएसने चढवायला जवळपास पावणेचार दिवस. एकदा ही पहिली फेरी झाली की पुढे रोज फक्त बदललेला भाग जातो, तो दहा-पंधरा मिनिटांत संपतो.

फायबरवर हे सहज होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज दीड-दोन जीबी मिळतात, त्यावर 100 जीबी चढवायला दोन महिने जातील. ज्यांच्याकडे फायबर नाही त्यांनी फोटो बाजूला ठेवावेत आणि हिशोब आणि कागदपत्रं एवढंच क्लाउडवर न्यावं. फोटोंसाठी दोन पोर्टेबल डिस्क घ्या. एक जवळ ठेवा, दुसरी तासगाव किंवा जतच्या नातेवाइकांकडे, आणि दर तीन महिन्यांनी अदलाबदल करा.

कोणाकडे ठेवायचं आणि कितीला पडतं

दर बदलत असतात, त्यामुळे खालचे आकडे अंदाजासाठी घ्या आणि पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. डॉलर 90 रुपयांचा धरला आहे.

सोपा रस्ता गूगलचा. 15 जीबी मोफत असतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही बसतात. 100 जीबीचा प्लॅन भारतात महिन्याला 130 किंवा वर्षाला 1300 रुपयांना मिळत आला आहे आणि पैसे यूपीआयने भरता येतात. यात एक धोका आहे: जागा भरली की त्या खात्यावर मेल येणं बंद होतं. धंद्याच्या मेलवर बॅकअप लावला आणि एका रात्री जागा संपली, तर सकाळी गिऱ्हाइकांचे मेल परत जाऊ लागतात. म्हणून बॅकअपसाठी वेगळं गूगल खातं काढा. घरात कोणाकडे आधीच मोठा प्लॅन असेल तर फॅमिली ग्रुपमध्ये आणखी पाच जण घेता येतात, त्यांतलं एक खातं बॅकअपचं करा.

स्वस्त रस्ता वापरेल तेवढ्याचे पैसे घेणाऱ्या साठवणुकीचा, जसं की बॅकब्लेझची बी-टू सेवा. तिथे पहिले 10 जीबी मोफत आहेत आणि ऑक्टोबर 2023 पासून दर महिन्याला दर टीबी 6 डॉलर असा झाला. त्या दराने 60 जीबी ठेवले तर 50 जीबीचे पैसे पडतात: महिन्याला 30 सेंट, म्हणजे 27 रुपये. या रस्त्याला थोडी मांडामांड लागते, ती पुढे दिली आहे.

फोटो-व्हिडिओ 500 जीबीच्या वर असतील तर 'एका कॉम्प्युटरला अमर्याद' अशी सेवा परवडते. बॅकब्लेझचीच घरगुती सेवा वर्षाला 99 डॉलर होती, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. इथे दोन गोष्टी सांभाळा. वर्षभराच्या आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये निवडलेला आहे का ते बघा, नाहीतर इतिहास 30 दिवसांचाच राहतो. त्या स्थितीत बाहेरची डिस्क 30 दिवस जोडली नाही तर तिची वरची प्रतही जाते. लग्नाचे व्हिडिओ डिस्कवर घालून डिस्क कपाटात टाकणाऱ्यांचा नेमका इथे घात होतो. शिवाय ही सेवा नेटवर्कवरच्या डिस्क घेत नाही आणि लिनक्सवर चालत नाही.

काही स्वस्त दिसणारे पर्याय आपल्या कामाचे नाहीत. वासाबीकडे 60 जीबी ठेवले तरी किमान 1 टीबीचं बिल येतं. अ‍ॅमेझॉनचा ग्लेशियर डीप आर्काइव्ह ठेवायला फार स्वस्त आहे, पण फाइल हातात यायला 12 ते 48 तास लागतात, 180 दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या दिवसांचे पैसे लागतात आणि मोठा डेटा उतरवायचे वेगळे पैसे पडतात. आयुष्यभराची सेवा एकदाच पैसे घेऊन देणाऱ्यांपासून लांब राहा. डिस्क आणि वीज यांचा खर्च दर महिन्याला येतो, तो एकदाच घेतलेल्या रकमेतून किती वर्षं निघेल याचा विचार करा. पहिल्या वर्षी भरघोस सवलत असेल तर दुसऱ्या वर्षाचा दर बघून मगच तुलना करा.

पैसे भरण्याची अडचण आधीच सोडवून ठेवा. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, 2020 पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम तसा आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा आणि मर्यादा दोन-तीन हजारांची ठेवा. बँक विनिमयावर वरून दोन-साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेते, हेही हिशोबात धरा. परदेशी कंपनीचं दरमहा आपोआप होणारं पेमेंट आपल्या डेबिट कार्डावर अधूनमधून अडकतं. कंपनी दोन-तीन मेल पाठवते, ते स्पॅममध्ये जातात, खातं गोठतं आणि सवलतीची मुदत संपली की डेटा पुसला जातो. जिथे वर्षाचे पैसे एकदम भरता येतात तिथे ते भरा आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

कुलूप त्यांचं, किल्ली तुमची

'आमच्याकडे डेटा एन्क्रिप्टेड असतो', म्हणजे कुलूपबंद असतो, हे सगळेच सांगतात. विचारायचं ते हे की किल्ली कोणाकडे आहे. किल्ली कंपनीकडे असेल तर तुमच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला सगळं दिसतं. करसल्लागाराच्या कॉम्प्युटरवर शेकडो लोकांचे पॅन, आधार आणि बँक पासबुकं असतात, डॉक्टरांकडे रुग्णांचे अहवाल असतात. हे तुमच्या कॉम्प्युटरवरच कुलूपबंद होऊन मग वर गेलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही समजून घ्या. किल्ली फक्त तुमच्याकडे असली आणि ती हरवली, तर कंपनीही काही करू शकत नाही. 'फर्गॉट पासवर्ड' इथे चालत नाही. म्हणून पासफ्रेज, म्हणजे ही किल्ली बनवणारा अनेक शब्दांचा पासवर्ड, निवडताना एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. घरच्यांची नावं, गाडीचा नंबर, कुलदैवत, यातलं काही नको. शब्द मराठी चालतील, पण ते इंग्रजी अक्षरांत टाइप करा. देवनागरीत ठेवलेला पासफ्रेज नव्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कीबोर्डने टाइप केला की नेमका तोच जोडाक्षराचा क्रम उमटेल याची खात्री नसते.

मग एक कागद करा. त्यावर बॉलपेनने लिहा, कारण शाईच्या पेनाचं लिखाण पाण्यात पसरतं: सेवेचं नाव, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, बकेटचं (बी-टूवरच्या तुमच्या साठवणुकीच्या कप्प्याचं) आणि आतल्या फोल्डरचं नाव, बॅकअपचा पासफ्रेज, आणि टू-स्टेप पडताळणीचे बॅकअप कोड. गूगल असे आठ-आठ अंकी दहा कोड देतं. हे कोड महत्त्वाचे, कारण पुरात मोबाइलही जाऊ शकतो आणि नवं सिम मिळेपर्यंत ओटीपी येणार नाही. त्याच कागदावर बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) 48 अंकी रिकव्हरी की लिहा. बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क मुळातच कुलूपबंद असते. लॅपटॉप भिजला आणि डिस्क सुखरूप निघाली, तरी ती दुसऱ्या मशीनला लावल्यावर हीच की मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात डिव्हाइसेसखाली ती सापडते.

या कागदाच्या दोन प्रती करा. एक घरात, लॅमिनेट करून किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुसरी बंद पाकिटात, नदीपासून लांब राहणाऱ्या बहिणीकडे किंवा मामांकडे. त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

डुप्लिकाटीने बॅकअप लावणे

डुप्लिकाटी हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, फाइली तुमच्याच मशीनवर कुलूपबंद करतो आणि गूगल ड्राइव्ह किंवा बी-टू या दोन्हींवर पाठवू शकतो. त्याचा पडदा ब्राउझरमध्ये उघडतो.

1. बी-टू घेत असाल तर खातं उघडा. त्याच वेळी प्रदेश निवडावा लागतो, नंतर त्या खात्यात तो बदलत नाही. लगेच टू-फॅक्टर चालू करा. नवी बकेट करा, 'प्रायव्हेट' ठेवा. मग अ‍ॅप्लिकेशन की (डुप्लिकाटीला बकेट उघडून देणारी किल्ली) तयार करा आणि तिला फक्त या एकाच बकेटचा हक्क द्या. मास्टर की कधीही सॉफ्टवेअरमध्ये घालू नका, तिच्या हातात पूर्ण खातं असतं. की पडद्यावर एकदाच दिसते, तेव्हाच उतरवून घ्या. कॅप्सच्या पानावर रोजच्या खर्चाची मर्यादा घाला, म्हणजे काही चुकलं तरी बिल फुगणार नाही. ती इतकीही कमी नको की अपलोडच अडेल.

2. डुप्लिकाटीत नवा बॅकअप घ्या, नाव द्या, एन्क्रिप्शन एईएस-256 ठेवा आणि पासफ्रेज कागदावरून बघून टाइप करा. डोक्यातून टाइप केलात तर कागदावरची चूक पकडली जाणार नाही.

3. डेस्टिनेशनमध्ये बी-टू किंवा गूगल ड्राइव्ह निवडा, आत प्रत्येक कॉम्प्युटरसाठी वेगळं फोल्डर द्या. दोन मशीन एकाच फोल्डरात गेली की एकमेकांच्या फाइली अनोळखी समजून गोंधळ होतो. 'टेस्ट कनेक्शन' दाबा. बहुतेक चुका इथेच कळतात: की कॉपी करताना मागे राहिलेली मोकळी जागा, किंवा कॉम्प्युटरचं घड्याळ आणि तारीख चुकलेली. मदरबोर्डचा सेल संपलेल्या जुन्या मशीनवर हे हमखास होतं.

4. सोर्समध्ये पहिल्या दिवशी फक्त टॅली आणि डॉक्युमेंट्स निवडा. ती फेरी पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी फॉन्ट-संग्रह, मग फोटो वर्षावर्षाने वाढवा. सगळं एकदम लावलं की पहिली फेरी तीन दिवस चालते, मध्ये वीज जाते आणि टॅलीचा नंबर शेवटी लागतो.

5. शेड्यूल रात्री 2 चं ठेवू नका. आपल्याकडे दुकान बंद करताना कॉम्प्युटरही बंद होतो. दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत लावा. अपलोडला वेगमर्यादा घालता येते, ती मोजलेल्या वेगाच्या निम्मी ठेवली की बिलिंग अडत नाही.

6. शेवटच्या पानावर तुकड्याचा आकार 50 एमबी असतो, तो तसाच राहू द्या. लाइन तुटली की तेवढाच तुकडा पुन्हा जातो. तिथेच किती आवृत्त्या ठेवायच्या ते विचारलं जातं. मुळात 'सगळ्या ठेवा' असं असतं आणि त्याने जागा वाढत राहते. 'स्मार्ट' पर्याय घ्या: गेल्या 7 दिवसांची रोज एक, 4 आठवड्यांची आठवड्याला एक, 12 महिन्यांची महिन्याला एक अशी प्रत राहते. यासाठी मूळ डेटाच्या दीडपट जागा हाताशी धरा.

7. सगळं झाल्यावर सेटिंग एक्सपोर्ट करा, पासवर्ड घालून, आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा.

गूगल ड्राइव्हवर हा बॅकअप उघडून बघितला तर कुलूपबंद झिप फाइलींची रांग दिसेल. 100 जीबीला हजारोंच्या संख्येने. त्यांना हात लावू नका. नाव बदललं, चार फाइली 'जागा होईल' म्हणून पुसल्या, तर त्यात कोणाचे कोणते तुकडे होते हे सांगता येत नाही. ऑफिसमधल्या नव्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

उघड्या फाइलींची पंचाईत

टॅली चालू असताना तिच्या फाइली सारख्या बदलत असतात. अर्धी फाइल आधीची आणि अर्धी नंतरची अशी प्रत वर गेली तर परत आणल्यावर कंपनी उघडत नाही. यावर खात्रीचा उपाय साधा आहे. जेवायला उठण्याआधी टॅलीमध्येच ऑल्ट-वाय दाबून डेटाच्या यादीतून बॅकअप घ्या, तो 'टॅली-बॅकअप' अशा वेगळ्या फोल्डरात टाका आणि डुप्लिकाटीला तो फोल्डरही द्या. रोज नाही जमलं तर सोमवार आणि शुक्रवार ठरवा.

आउटलुकची पीएसटी फाइलही अशीच धरून ठेवलेली असते. विंडोजची शॅडो कॉपी वापरली तर चालू फाइलचीही स्थिर प्रत मिळते. डुप्लिकाटीच्या प्रगत पर्यायांत स्नॅपशॉट-पॉलिसी असते, ती चालायला प्रोग्रॅमला अ‍ॅडमिन हक्क लागतात. ते जमत नसेल तर बॅकअपच्या वेळी आउटलुक बंद करायची सवय लावा. बॅकअप संपल्यावर पिवळी सूचना आली तर 'चालतंय' म्हणून पुढे जाऊ नका, लॉग उघडा. वगळलेली फाइल कोणती ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं.

परत आणून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं धरू नका

दर सोमवारी पडद्यावरची शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख बघा. दर तीन महिन्यांनी, जमल्यास दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, खरी चाचणी घ्या. तिथे डुप्लिकाटी घाला, 'रिस्टोअर'मध्ये थेट बॅकअप फाइलींवरून आणण्याचा पर्याय निवडा, आणि माहिती फक्त त्या कागदावरून भरा. कागदावर काही राहून गेलं असेल तर ते आज कळेल. यादी तयार व्हायला वेळ लागतो, मोठ्या बॅकअपला तासही जाऊ शकतो, तेव्हा मध्येच बंद करू नका.

प्रत्येक प्रकारची एक फाइल नव्या रिकाम्या फोल्डरात उतरवा आणि उघडा: एक एक्सेल, एक स्कॅन केलेला सातबारा, एक फोटो, एक लग्नपत्रिका फॉन्टसकट. टॅलीचा बॅकअप परत घेताना ठिकाण म्हणून चालू डेटाचा फोल्डर देऊ नका. तसं केलं तर तीन महिन्यांपूर्वीची कंपनी आजच्या कंपनीवर चढते आणि मधल्या सगळ्या नोंदी जातात. वेगळ्या फोल्डरात घ्या, तिथली कंपनी उघडा आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि रोख शिल्लक ताडून बघा.

खरोखर सगळं गेल्यावर पूर्ण डेटा एकदम उतरवायला बसू नका. 200 जीबी 40 एमबीपीएसने उतरायला 11 तास लागतात. आधी टॅली, मग चालू वर्षाची कागदपत्रं, म्हणजे तासाभरात बिल निघायला लागेल. फोटो रात्री लावा.

पावसाळ्याचे चार महिने

क्लाउडसोबत एक पोर्टेबल डिस्क ठेवाच, पण ती बॅकअपपुरती जोडायची आणि लगेच काढायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला दुसऱ्या ड्राइव्हसारखीच सापडते. खालच्या मजल्यावरचं दुकान असेल तर सीपीयू जमिनीवर नको, आणि तो उचलून नेता येईल अशा बेताने वायरी बांधा.

आयर्विनवरची पातळी 35 फूट ओलांडून चढू लागली की इशाऱ्याच्या 40 फुटांची वाट बघू नका. पाणी वाढलं की सुरक्षेसाठी त्या भागाची वीज बंद करतात आणि वीज गेली की राउटरही जातो. त्याच दिवशी टॅलीचा बॅकअप घ्या, डुप्लिकाटीत 'रन नाऊ' दाबा, ती फेरी पूर्ण झाल्याचं बघा, पोर्टेबल डिस्कवर एक प्रत घ्या. मग मशीन शटडाउन करा, प्लग काढा आणि डिस्क, टॅलीच्या परवान्याचा तपशील, डिजिटल सहीचा टोकन आणि तो कागद एका झिपच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर न्या. टोकनमधली सही कॉपी होत नाही, त्यामुळे ती वस्तू म्हणूनच वाचवावी लागते.